दिरहमांचा पगार आणि चौघांचा संसार

परदेशातील नेमणुकीचे पत्र हाती पडले की मराठी मध्यमवर्गीय घरात पहिला हिशेब होतो तो गुणाकाराचा. पगाराच्या आकड्याला त्या दिवशीच्या विनिमय दराने गुणले जाते, येणारी रुपयांची रक्कम सध्याच्या पगारापुढे मांडली जाते आणि तिथेच निर्णयाची दिशा ठरून जाते. मुलांच्या शाळेचे दाखले काढणे, पत्नीच्या नोकरीचा राजीनामा, घर भाड्याने देणे या पुढच्या गोष्टी मग ओघाने घडतात. हा गुणाकार चुकीचा नसतो; तो अपुरा असतो. पगार कोणत्या चलनात मिळतो यापेक्षा खर्च कोणत्या चलनात होणार हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एकटा माणूस आणि चौघांचे कुटुंब यांच्या बाबतीत त्याची उत्तरे इतकी भिन्न येतात की, एकाच्या हिशेबावरून दुसऱ्याने अनुमान काढणे म्हणजे संसार जुगारावर लावणे होय.

हा प्रश्न मूठभर घरांचा राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ या वर्षासाठी केलेल्या पाहणीनुसार परदेशांतून भारतात येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होता; केरळ १९.७ टक्क्यांवर होते. देशांमध्ये अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के, तर त्याखालोखाल संयुक्त अरब अमिरातीचा १९.२ टक्के होता. हे आकडे घरी आलेल्या पैशाचे आहेत. जो पैसा तिकडेच घरभाड्यात, शाळेच्या फीमध्ये आणि विम्याच्या हप्त्यात संपला, त्याची नोंद कोणत्याच पाहणीत होत नाही. कुटुंबाने करावयाचा हिशेब नेमका त्या नोंद न होणाऱ्या पैशाचा आहे.

चाकरमान्यांचे जुने गणित

महाराष्ट्राला हे गणित नवे नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा तरुण मुंबईच्या कापड गिरणीत लागला तेव्हा तो सहसा एकटा आला. गाळ्यातली पथारीपुरती जागा, खाणावळीतील दोन वेळचे जेवण आणि महिन्याची मनिऑर्डर यांवर त्याचा व्यवहार चाले. बायको, मुले व म्हातारे आईबाप गावी भाताच्या तुकड्यावर राहात. याचे कारण केवळ गावाची ओढ हे नव्हते. गिरणीची मजुरी एका कामगाराच्या पोटाला पुरेल आणि थोडी उरेल अशा बेताने ठरलेली होती. मुंबईत बिऱ्हाड थाटण्याइतकी ती क्वचितच असे. कामगाराच्या कुटुंबाचे पोषण, मुलांचे संगोपन आणि म्हातारपणाची सोय यांचा मोठा भार गावाने उचलला म्हणूनच ती मजुरी गिरणीमालकाला परवडत होती.

१९७३ साली तेलाचे भाव भडकल्यानंतर आखाती देशांत बांधकामांची लाट आली. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातून माणसे कुवेत, सौदी अरेबिया, दुबईकडे जाऊ लागली, आणि हीच व्यवस्था समुद्रापलीकडे गेली. कंपनीच्या छावणीत झोपायचे, सामाईक स्वयंपाकघरात जेवायचे आणि उरलेले घरी धाडायचे. आखातातील मजुरीचा पाया अशा रीतीने एकट्या माणसाच्या खर्चावर घातला गेला आहे.

आज मात्र जाणारा वर्ग बदलला आहे. हिशेबनीस, परिचारिका, अभियंता, शिक्षक, दुकानाचा व्यवस्थापक अशा सुशिक्षित नोकरदारांचा त्यांत मोठा भरणा आहे. कुटुंबापासून दहा वर्षे दूर राहणे त्यांना मान्य नाही, आणि ते त्यांनी मान्य का करावे हाही प्रश्नच आहे. पण चाकरमान्याचा पगार आणि गृहस्थाचा खर्च यांची सांगड घालताना त्यांची जी ओढाताण होते, तिचा अंदाज निघण्यापूर्वीच घ्यावयास हवा.

गुणाकार कोठे फसतो

अर्थशास्त्रात क्रयशक्तीची तुलना करण्याची एक रीत आहे. जो माल व ज्या सेवा अमेरिकेत एका डॉलरला मिळतात, त्यांच्यासाठी भारतात किती रुपये लागतील असा प्रश्न त्यात विचारला जातो. जागतिक बँकेच्या अलीकडच्या मोजणीत हे उत्तर साधारण वीस-बावीस रुपयांच्या घरात येते. बाजारात मात्र २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली. या दोन आकड्यांतील अंतर हाच परदेशच्या नोकरीचा खरा नफा आहे. पण हा नफा मिळतो तो तिकडे मिळवून इकडे खर्च करणाऱ्याला. जो तिकडे मिळवतो आणि तिकडेच खर्च करतो, त्याला विनिमय दराचा काडीचाही उपयोग नाही. त्याचा पगार त्या शहरातील भाड्याच्या, दुधाच्या आणि डॉक्टरच्या दरांशीच ताडून पाहिला पाहिजे.

अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रुपया घसरला की आखातातून पैसे पाठविणाऱ्याच्या घरी आनंद होतो. पण ज्याचे कुटुंबच तिकडे आहे आणि महिनाअखेर शिल्लक शून्य आहे, त्याला रुपया घसरला काय आणि सावरला काय, सारखेच.

एक नमुन्याचा हिशेब

सोयीसाठी एक कल्पित कुटुंब घेऊ. जिल्ह्याच्या गावी स्वतःचे घर. पती खासगी कारखान्यात हिशेबनीस, हाती ६०,००० रुपये. पत्नी शिक्षिका, हाती ५५,००० रुपये. शाळेत जाणारी दोन मुले. घरखर्च ४५,००० रुपये. महिन्याला ७०,००० रुपये शिल्लक राहतात. पतीला दुबईत ९,००० दिरहमांची नोकरी येते. दिरहम २४ रुपयांना धरला तर ही रक्कम २,१६,००० रुपये होते. दोघांच्या मिळून होणाऱ्या मिळकतीच्या जवळजवळ दुप्पट! अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही, हेही कोणी आवर्जून सांगतो.

आता खर्च मांडू. पुढील रकमा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. ज्याने त्याने आपल्या ठिकाणाप्रमाणे त्या बदलाव्यात. साध्या वस्तीतील लहान घराचे भाडे वर्षाला ४८,००० दिरहम, म्हणजे महिन्याला ४,०००. दुबईची नगरपालिका वार्षिक भाड्याच्या ५ टक्के निवासशुल्क वीज-पाण्याच्या बिलातून वसूल करते. ते महिन्याला २००. वीज, पाणी, इंटरनेट आणि फोन ७००; उन्हाळ्यात वातानुकूलन ही तेथे चैन नसून गरज असते, हे लक्षात ठेवावे. दोन मुलांची शाळा व बस २,०००. अन्नधान्य, भाजीपाला, दूध १,५००. पतीचा प्रवास ४००. कुटुंबाचा आरोग्यविमा व निवासपरवाने यांचा मासिक वाटा ३००. वर्षातून एकदा चौघांनी गावी येऊन जाण्याचे विमानभाडे ६,०००, म्हणजे महिन्याला ५००. बेरीज होते ९,६०० दिरहम. कपडे, औषधे, सणवार, पाहुणे यांतले काहीच अद्याप धरलेले नाही, तरी महिन्याला ६०० दिरहमांची, म्हणजे १४,४०० रुपयांची तूट आहे.

तोच मनुष्य एकटा गेला तर? सामाईक खोलीतील एका खाटेपुरत्या जागेला ९००, जेवणाला ७००, प्रवासाला ३००, फोनला १५० आणि विमानभाड्याच्या वाट्याला १२५ असे २,१७५ दिरहम खर्च होऊन ६,८२५ दिरहम, म्हणजे १,६३,८०० रुपये उरतात. पत्नीची नोकरी चालू राहते; तिच्या पगारातून घरखर्च भागून १०,००० रुपये शिल्लक पडतात. एकूण शिल्लक १,७३,८०० रुपये.

म्हणजे तीन मार्ग आणि तीन उत्तरे झाली. सर्वांनी गावीच राहिल्यास ७०,००० रुपये शिल्लक; पती एकटा गेल्यास १,७३,८०० रुपये शिल्लक; सर्व मिळून गेल्यास १४,४०० रुपये तूट. नोकरी तीच, पगार तोच, विनिमय दरही तोच! एकत्र राहण्याची किंमत या उदाहरणात दरमहा १,८८,२०० रुपये येते. ती किंमत मोजू नये असे अर्थशास्त्र सांगत नाही. मुलांना बाप रोज दिसणे ही गोष्ट पैशात मापता येत नाही. परंतु किंमत ठाऊक असताना ती मोजणे आणि ती मोजली जात आहे याचा पत्ता नसणे, या दोन अगदी भिन्न अवस्था आहेत.

हाच हिशेब उलटा मांडला तर बोलणी करावयास उपयोगी पडतो. गावी उरत होते तेवढेच ७०,००० रुपये, म्हणजे सुमारे २,९०० दिरहम, चौघांनी मिळून दुबईत वाचवावयाचे असतील तर पगार साधारण १२,५०० दिरहम हवा. तो रुपयांत तीन लाख होतो. तिथले तीन लाख आणि इथले एक लाख पंधरा हजार यांची बरोबरी होते, हे गुणाकार करणाऱ्याला कधीच दिसत नाही.

कायद्याने ठरविलेली किमान रक्कम या कामी मार्गदर्शक मानणे धोक्याचे ठरते. अमिरातीने २०१९ साली नियम सैल करून, ४,००० दिरहम पगार किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय असलेल्या नोकरदाराला कुटुंब आणण्याची मुभा दिली. ही परवानगीची मर्यादा आहे, उदरनिर्वाहाची नव्हे. वरच्या उदाहरणात नुसते घरभाडेच ४,००० आहे.

पहिल्या तीन महिन्यांचा पेच

मासिक अंदाजपत्रक जमले तरी अनेक घरांचे पाऊल पहिल्याच तिमाहीत अडखळते, कारण खर्च महिन्याच्या तालावर येत नाही. दुबईत घरभाडे वर्षाचे ठरते आणि ते एक, दोन किंवा चार अशा मोजक्या धनादेशांनी आगाऊ द्यावे लागते. पुढच्या तारखांचे धनादेश घरमालकाच्या हाती असतात आणि एखादा वटला नाही तर वसुलीची कारवाई थेट सुरू होऊ शकते. वरच्याच उदाहरणात चार धनादेश ठरले तर पहिला १२,००० दिरहमांचा. अनामत रक्कम भाड्याच्या ५ टक्के, २,४००. दलाली साधारण तितकीच, २,४००. वीज-पाण्याच्या खात्याची अनामत सदनिकेसाठी २,०००. झाले १८,८०० दिरहम, म्हणजे साडेचार लाखांहून अधिक रुपये. घरात अजून एक पातेलेसुद्धा आलेले नाही. शाळेचा पहिला हप्ता, तिघांच्या निवासपरवान्यांचे शुल्क, पलंग, शेगडी हे सारे त्यावर. पहिला पगार मात्र महिना भरल्यावरच हाती येतो.

साहजिकच ही रक्कम कर्जाने उभी केली जाते, आणि जे घर बचतीसाठी परदेशी निघाले ते व्याज भरूनच प्रवासाला आरंभ करते. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार उमेदवारीचा काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो. तेवढ्या अवधीत नोकरी टिकते की नाही हे ठरण्यापूर्वीच वर्षाच्या भाड्यात अडकणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. पतीने प्रथम एकट्याने जावे, उमेदवारी संपू द्यावी, अनामतीपुरती रक्कम तिथल्या पगारातूनच साठवावी आणि शाळेचे वर्ष पाहून मग कुटुंब न्यावे, हा क्रम रुक्ष वाटला तरी हितावह आहे. आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, इतर बहुतेक शाळांचे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. ही तारीख चुकली की मुलाचे वर्ष आणि बापाचे पैसे दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

नियम बदलतात, संसार अडकतो

अंदाजपत्रकात आणखी एक रकाना हवा. तो सरकारी फर्मानांचा. सौदी अरेबियाचे उदाहरण बोलके आहे. तेलाच्या घसरलेल्या उत्पन्नाची भरपाई करण्यासाठी त्या सरकारने जुलै २०१७ पासून परदेशी नोकरदाराच्या प्रत्येक आश्रितावर महिना १०० रियाल शुल्क बसविले, आणि ते दरवर्षी १०० रियालांनी वाढवीत २०२० पर्यंत ४०० वर नेले. पत्नी आणि तीन मुले असलेल्या माणसाला २०१७ मध्ये जे महिना ४०० रियाल पडत, ते २०२० मध्ये १,६०० झाले. वर्षाला १९,२००, आणि तेही निवासपरवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ. २०१८ च्या आरंभी लागू झालेला ५ टक्के मूल्यवर्धित कर जुलै २०२० मध्ये एकदम १५ टक्के झाला. पगार मात्र होते तेथेच राहिले. अनेकांनी बायकामुलांना मायदेशी धाडले आणि स्वतः सामाईक खोलीत मुक्काम हलविला. गृहस्थाचा पुन्हा चाकरमानी झाला.

ब्रिटनमध्येही हेच निराळ्या मार्गाने घडले. तेथे कामाच्या परवान्यावर जाणाऱ्याला सार्वजनिक आरोग्यसेवेचा अधिभार मुदतीच्या सर्व वर्षांसाठी एकदम भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा अधिभार प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलास ७७६ पौंड झाला. दोन प्रौढ आणि दोन मुले यांच्या तीन वर्षांच्या परवान्यासाठी ही रक्कम १०,८६६ पौंड होते, म्हणजे बारा लाखांहून अधिक रुपये. मालकाने ती भरलीच पाहिजे असे बंधन नाही. कुशल कामगारासाठीची पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंडांवर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर गेली. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी नव्याने जाणाऱ्या कामगारांना तर ११ मार्च २०२४ पासून कुटुंब आणण्यासच मनाई झाली.

याहून मोठे धक्केही अनुभवाच्या बाहेरचे नाहीत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना तेथून सोडवून आणावे लागले. त्यांतील कित्येकांची आयुष्याची पुंजी तिथल्या बँकांत अडकून पडली होती. २०२० च्या साथीत मे महिन्यापासून खास विमानांनी लोक परत येऊ लागले तेव्हाही, नोकरी गेली आणि निवासपरवानाही नोकरीला बांधलेला, असा दुहेरी फास अनेकांच्या गळ्याला लागला होता. सहा महिन्यांचा घरखर्च आणि चौघांचे परतीचे भाडे मायदेशातील खात्यात वेगळे असणे ही चैन नाही. ती पहिली तरतूद आहे.

जर्मनीचा उलटा हिशेब

सर्वच देशांत कुटुंब हा बोजा असतो असे मात्र नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. तेव्हापासून जर्मन नोकरीची चर्चा महाराष्ट्राच्या गावोगावी पोचली आहे. तिथला हिशेब आखाताच्या नेमका उलट आहे.

जर्मनीत करारात लिहिलेला पगार आणि हाती पडणारा पगार यांत मोठी दरी असते. निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा या विम्यांचा कामगाराचा वाटाच पगाराच्या सुमारे एक पंचमांश असतो, प्राप्तिकर त्यावर. महिना ३,००० युरो ठरले तर अविवाहिताच्या हाती साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास रक्कम येते. दुबईची सवय असलेल्याला हे अन्यायाचे वाटते. पण त्या कपातीच्या बदल्यात मिळकत नसलेली पत्नी आणि मुले सार्वजनिक आरोग्यविम्यात वेगळा हप्ता न भरता सामावली जातात. सरकारी शाळेला फी नाही. मुलामागे महिन्याला २०२५ मध्ये २५५ युरो बालभत्ता मिळत होता, पण सर्वसाधारणपणे मूल तिकडे राहात असेल तरच. पत्नी तिथे राहात असेल तर कराचा वर्गही सौम्य होतो; ती भारतात असेल तर तो लाभ नाही.

म्हणजे आखातात कुटुंब नेणाऱ्यावर दंड बसतो आणि जर्मनीत कुटुंब मागे ठेवणाऱ्यावर. याचे मूळ कामगाराच्या कुटुंबाचा भार कोणी वाहावयाचा या प्रश्नाच्या उत्तरात आहे. आखाताने तो कामगाराच्या मायदेशावर टाकला, जर्मनीने तो करातून व विम्यातून सर्वांवर वाटला. यास्तव ‘कर नाही’ हे ऐकून हुरळून जाणे आणि ‘कर फार’ हे ऐकून दचकणे, दोन्ही सारखेच अविचाराचे आहे. कराच्या बदल्यात काय मिळते, आणि कर नसेल तर कशाकशाचे पैसे खिशातून भरावे लागतील, हे विचारले पाहिजे.

जर्मनीतही खाचा आहेत. जाहिरातीतील ‘थंड’ भाड्यात उष्णता, पाणी इत्यादींचा खर्च धरलेला नसतो. तो मिळविल्यावर होणारे ‘उबदार’ भाडेच अंदाजपत्रकात धरावयाचे असते. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी असू शकते. मोठ्या शहरांत घर मिळणे हेच दुर्घट आहे. पत्नीला भाषा येईपर्यंत तिच्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळणे कठीण असते.

न दिसणारे खर्च

पत्नीच्या नोकरीचा मुद्दा मराठी घरात सर्वांत कमी बोलला जातो आणि तोच सर्वांत महाग असतो. वरच्या उदाहरणातील शिक्षिकेचा पगार सुमारे २,३०० दिरहमांच्या बरोबरीचा आहे. ती राजीनामा देते तेव्हा हा पगार, पुढील वेतनवाढी, सेवाज्येष्ठता आणि निवृत्तीचे लाभ हे सारे एकदम जमाखर्चातून गळते. पण खर्चाच्या यादीत त्याची नोंद कोणी करीत नाही, कारण खिशातून काही गेलेले दिसत नाही. दहा वर्षांनी परतल्यावर त्या वयात तिला तशी नोकरी मिळेलच असे नाही. तिच्या पगाराचा आकडा परदेशच्या पगारातून वजा करूनच तुलना व्हावयास हवी.

दुसरा न दिसणारा खर्च म्हातारपणाचा. आखातात परदेशी नोकरदाराला जर्मनीसारखे निवृत्तिवेतन नाही. सेवासमाप्तीचे उपदान आहे. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या वर्षांना ३० दिवसांचा पगार असा त्याचा दर आहे. पण तो मूळ पगारावर मोजतात, भत्त्यांसह मिळणाऱ्या एकूण रकमेवर नव्हे. ९,००० दिरहमांत मूळ पगार ४,५०० असेल तर दहा वर्षांचे उपदान ३८,२५० दिरहम होते. मूळ पगार ६,००० असता तर ते ५१,००० झाले असते. एकूण पगार तोच, पण करारातील एका रकान्यामुळे तीन लाख सहा हजार रुपयांचा फरक पडतो. करारावर सही करण्यापूर्वी ज्या ओळीकडे पाहावयाचे ती ही.

तिसरा खर्च मागे राहणाऱ्यांचा. आईवडिलांचे आजारपण, घराची निगा, गृहकर्जाचे हप्ते हे माणूस परदेशी गेला म्हणून थांबत नाहीत. उलट जो भार पूर्वी हाताने उचलला जाई तो आता पैशाने उचलावा लागतो. परदेशातून अकस्मात येण्याचे तिकीटही नेहमीच्या भाड्यात मिळत नाही.

काय करता येईल

सारांश, निघण्यापूर्वी तीन ताळेबंद स्वतंत्रपणे मांडले पाहिजेत: पहिल्या तीन महिन्यांचा रोखीचा, पुढील प्रत्येक महिन्याचा, आणि परतीच्या दिवसाचा. पहिल्यात कर्ज किती, दुसऱ्यात शिल्लक किती, तिसऱ्यात हाती काय उरणार हे कळते. मालकाला विचारावयाचे प्रश्नही त्यातूनच निघतात: मूळ पगार किती, घरभाडे आगाऊ मिळेल काय, कुटुंबाचा विमा व विमानभाडे कोण भरणार, मुलांच्या फीचा काही वाटा उचलला जाईल काय. नेमणुकीपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला किंमत असते. रुजू झाल्यावर तीच विनंती होते.

परंतु हे सारे एकट्या कुटुंबाच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याचा रोख प्रामुख्याने दहावीही न झालेल्या श्रमिकाच्या संरक्षणाकडे राहिला. तो आवश्यकच होता. सुशिक्षित नोकरदार स्वतःचे हित स्वतः पाहील असे त्यात गृहीत धरलेले दिसते. घरभाड्याचे धनादेश आणि आश्रितशुल्क या बाबतींत मात्र पदवीचा काही उपयोग होत नाही. केरळने १९९६ सालीच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले. परदेशातून येणाऱ्या पैशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या महाराष्ट्राने निदान प्रमुख शहरांतील चौघांच्या कुटुंबाचा प्रत्यक्ष खर्च दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करण्याची व्यवस्था करावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. विद्यापीठांतील अर्थशास्त्राच्या विभागांना हे काम देता येईल आणि विद्यार्थ्यांनाही पुस्तकातील निर्देशांकांपलीकडचा जिवंत अभ्यास घडेल.

परदेशी जावे की न जावे याचे एकच उत्तर नाही. चांगल्या पगारावर, नीट पारखलेल्या करारावर आणि पुरेशा तयारीने गेलेल्या असंख्य घरांचे कल्याण झाले आहे. परंतु गिरणगावातील चाकरमान्याला आपण एकटे का राहतो याचे कारण पक्के ठाऊक होते. त्याने बिऱ्हाड आणण्याचा हिशेब मनात कितीदा तरी मांडून पाहिलेला असे. त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक शिकलेल्या त्याच्या नातवंडांनी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी तेवढा तरी हिशेब कागदावर मांडावा.